रेघेवरचा पट्टा

२ मार्च

ताईंना नमस्कार,

माझं पत्र बघून दचकाल, म्हणून आधीच सांगते, घरी सगळे बरे आहेत. फोनच करणार होते. पण आपलं घर तुम्हाला माहीत आहे. दोन खोल्या, मधे पडदा, आणि मी फोन उचलला रे उचलला की आईंना नेमकं त्याच खोलीत काहीतरी शोधायचं असतं. म्हणून ढमीला मांडीवर घेऊन पोस्टाच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर तो तिच्या हाताचा प्रताप समजा.

तुमच्या भाचीचा डावा खुबा अजून जागेवर नाही. पाच आठवडे झाले पट्ट्यांचा ब्रेस लावून. चोवीसच्या चोवीस तास अंगावर. गेल्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, ही वाटी आणि हा गोळा, आणि गोळा वाटीच्या बाहेरच आहे. आता भूल देऊन खुबा बसवायचा, मग कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर. तीन महिने. साडेतीन महिन्यांच्या पोरीला भूल! मी मान हलवून हो हो म्हणत राहिले. बाहेर येऊन जिन्यात बसून रडले.

वर आज विमा कंपनीचं पत्र आलं. ऑपरेशनला मंजुरी नाही. 'पट्ट्यांचा ब्रेस योग्य रीतीने वापरल्याचा पुरेसा पुरावा नाही', असं लिहिलंय. हे म्हणाले, तुझ्या ताईचं कामच हे आहे, तिला विचार. या दवाखान्याच्या सगळ्या शाखांच्या फायली तुमच्या ऑफिसात येतात ना? मला ते पत्र अर्धं कळलं नाही आणि कळलं त्याने धडकी भरली.

तुमची वहिनी

६ मार्च

वहिनी,

आधी रडणं थांबव. जिन्यात बसायचं नाही, लोक अंगावरून जातात.

आता नीट ऐक. मी पंधरा वर्षं हेच करतेय. डॉक्टर पानभर लिहितात, मी त्याचे कोड करते, कंपनी फक्त कोड वाचते. पेशंट कसा दिसतो ते मला ठाऊक नसतं, पण त्याचा डावा पाय कुठला आणि उजवा कुठला हे मी झोपेतही सांगेन. मागे एका शाखेने एका बाळाला दोन डावे पाय लावून पाठवले होते. मी फोन करून विचारलं, बाळाचे आईवडील काय म्हणतात? तिकडची मुलगी गंभीरपणे म्हणाली, विचारून सांगते. असल्या लोकांत माझा जन्म चाललाय.

तर, ब्रेस लावूनही खुबा बसला नाही, याला दोन कोड आहेत. एक म्हणजे 'वापर अपुरा'. तो लागला की कंपनी म्हणते, आधी ब्रेस नीट वापरा, मग बघू. दुसरा 'वापर योग्य, परिणाम नाही'. तो लागला की पुढच्या उपचाराचं दार उघडतं, ऑपरेशन, प्लास्टर, नंतरचा ताठ ब्रेस, सगळं. तुमच्या शाखेतल्या दिवट्याने कुठलाच लावला नाही. रकाना कोरा! कोरा म्हणजे अपुरा, हे कंपनीचं सोयीचं गणित.

फाईल मी माझ्या ट्रेमध्ये ओढून घेतलीय. नात्यातल्या माणसाच्या फायलीला हात लावायचा नाही असा इथे नियम आहे, पण माझं आडनाव लग्नात बदललं त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. कुणाला बोलू नकोस.

मला पुरावा पाठव. ब्रेसच्या पट्ट्यांवर बसवणाऱ्याने पेनाने रेघा मारलेल्या असतात, वेलक्रोचं टोक कुठवर यायला हवं त्याच्या. ढमीला पांढऱ्या चादरीवर ठेव, पट्टे रेघेवर आहेत हे स्पष्ट दिसेल असे तीन फोटो काढ, छापून पाठव. तारीख मागे लिही. एवढं आलं की मी त्यांना पळता भुई थोडी करते.

ढमीची आत्या

११ मार्च

ताईंना नमस्कार,

फोटो सोबत आहेत. चादर पांढरी नव्हती, यांचा धुतलेला सदरा पसरला. ढमी तिन्हींत रडतेय, त्याला इलाज नाही.

दर पंधरा दिवसांनी दाखवायला नेतो. पहिल्या दिवशी ज्या काकांनी ब्रेस बसवला आणि रेघा मारल्या त्यांची बदली झाली. आता एक नवीन बाई असतात. त्या पट्टा रेघेवर आहे का बघतात, 'छान, रेघेवर आहे' म्हणतात आणि वहीत तसं लिहितात. पाच मिनिटांत आम्ही बाहेर. म्हणजे वहीत सगळं चांगलंच लिहिलेलं आहे.

ताई, एक विचारू? या रेघा किती काटेकोर लागतात? म्हणजे एखादी रेघ पुसट झाली, किंवा जरा इकडची तिकडे, तर फार फरक पडतो का? सहज विचारतेय. फोटोत नीट दिसलं नाही तर तुम्ही ओरडाल म्हणून.

आई म्हणतात, पोरीला नुसतं जखडून ठेवलंय, त्यानेच खुबा सुटला असेल. मी दिवसभर तिचे पाय बघत बसते. कुशीवर घेता येत नाही, नीट छातीशी धरता येत नाही. परवा दूध पाजताना पट्ट्याची कडी माझ्याच पोटाला रुतली, तेव्हा तिला काय होत असेल ते कळलं.

तुमची वहिनी

१५ मार्च

वहिनी,

फोटो मिळाले. एकात ढमीचं तोंड असं उघडंय की आतला घसासुद्धा दिसतो, तो मी घरी ठेवलाय. एक फायलीला लावला. त्यात तुझा अंगठा मधे आलाय, असू दे.

रेघ पुसट झाल्याने काही बिघडत नाही. तू फार विचार करतेस. शाखेच्या वहीत तीनदा 'पट्टे रेघेवर' लिहिलंय, त्या बाईंची सही आहे, वर तुझा फोटो. मी कंपनीला असं लिहिलं: 'तज्ज्ञाने आखलेल्या खुणांनुसार पहिल्या दिवसापासून अखंड वापर. वापर योग्य, परिणाम नाही.' खाली माझी सही. तपासून खात्री केली आहे, असं छापलेलं असतं सहीच्या वर. एका ओळीसाठी तीन तास घालवले, पण आता त्यांना त्यात सुईदेखील घालता यायची नाही.

आईकडे लक्ष देऊ नकोस. माझा हात मोडला होता तेव्हा ती म्हणाली होती, मुद्दाम मोडून घेतला असेल, अभ्यास नको म्हणून. (खरं सांगू, तिला शंका घ्यायला जागा होती.)

ढमीची आत्या

२८ मार्च

वहिनी,

मंजुरी आली! काल दुपारी. सगळं मंजूर, एकही प्रश्न नाही. समोरच्या टेबलावरचा गृहस्थ म्हणाला, या कंपनीकडून पहिल्या फटक्यात? मी म्हटलं, शिका. तुमच्या दवाखान्याला कळवलंय, १२ एप्रिलची तारीख मिळाली.

पण तू आहेस कुठे? तेरा दिवस झाले, पत्र नाही. दादाला फोन केला तर म्हणे, ती बरी आहे, गप्प असते. अगं, गप्प असायला काय झालं? मी इथे नोकरीचा नियम मोडून धावतेय आणि तुझ्याकडून 'पोचलं' एवढाही शब्द नाही. राग नाही आला. थोडा आलाय.

ढमीची आत्या

३१ मार्च

ताई,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. तीन फाडून टाकली. ती आईंच्या हाती लागू नयेत म्हणून पर्समध्ये तुकडे घेऊन फिरतेय.

रेघा मी मारल्या आहेत.

ब्रेस लावल्याच्या तिसऱ्याच दिवशी ढमीने सगळं घाण केलं, पट्ट्यांच्या आतपर्यंत. काकांनी सांगितलं होतं, नुसत्या ओल्या फडक्याने पुसा, काढू नका. मी पुसलं, वास जाईना. आई म्हणाल्या, पोर नासेल असल्या घाणीत. घरात कुणी नव्हतं तेव्हा मी ब्रेस काढला आणि नळाखाली साबणाने खसाखसा धुतला. वाळल्यावर बघते तर रेघा गेलेल्या. दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण काढू नका म्हणून तीनदा बजावलेलं, काय तोंडाने जाऊ? आणि मला वाटलं, माझ्या लक्षात आहे कुठे होत्या. दोन दिवस तर पाहिल्या होत्या.

म्हणून आठवून मारल्या, यांच्या खिशातल्या पेनाने. पहिली मारली आणि पट्टा तिथवर ओढला तर ढमी अशी किंचाळली. गुडघ्याच्या मागे लाल वळ होता. मी रेघ पुसून बोटभर अलीकडे मारली. मग ती शांत झोपली, ताई. किती दिवसांनी झोपली होती. मला वाटलं, हेच बरोबर असणार. त्रास होत नाही म्हणजे बरोबर.

पंधरा दिवसांनी नवीन बाईंनी बघितलं. रेघेवर आहे, छान. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, छान. मी स्वतःलाही तेच सांगत राहिले.

परवा ऑपरेशनआधीच्या तपासणीला गेलो होतो. बाकावर शेजारी एक बाई, तिचा मुलगा, तसाच ब्रेस. त्याचे गुडघे वर उचललेले आणि फाकलेले, बेडकासारखे. ढमीचे तसे नसतात. ढमीचे खाली पडलेले असतात. मी त्या बाईला म्हटलं, जरा बघू का? त्याच्या पट्ट्यावर काळ्या रेघा होत्या. आमचा पट्टा शेजारी धरून बघितला. दोन बोटांचा फरक. दोन बोटं, ताई! इतके आठवडे मी तिला ब्रेस घातलाच नाही म्हणायचा. नुसते पट्टे बांधून ठेवले.

आतून नाव पुकारलं. गेले. डॉक्टरांनी ढमीचे पाय हलवून बघितले, फाईल उघडली आणि म्हणाले, ब्रेस नीट वापरूनही गुण नाही, तेव्हा याला पर्याय नाही. मी तिथे उभी. मान हलवली, ढमीला उचललं आणि बाहेर आले.

आता काय करू? सांगितलं तर मंजुरी जाईल, आणि खाली तुमची सही आहे. नाही सांगितलं तर जे कदाचित नुसत्या पट्ट्याने बसलं असतं त्यासाठी माझ्या पोरीला भूल देतील. यांना सांगितलं नाही. सांगायला जाते आणि यांचा चेहरा बघून परत येते. मला कुणी मारलं तर बरं होईल असं वाटतं. तुम्ही सांगाल ते करेन. फक्त लवकर सांगा.

वहिनी

४ एप्रिल

वहिनी,

काल फोनवर 'उद्या दहाला डॉक्टरांकडे जा, त्यांना सगळं सांगितलंय' एवढंच बोलले, कारण आईचा श्वास मला इथपर्यंत ऐकू येत होता. बाकीचं आता लिहिते. उभ्याने वाचू नकोस.

रेघा मी पाहिल्या होत्या.

आमच्या सगळ्या शाखांमध्ये काळं मार्कर वापरतात आणि प्रत्येक रेघेशेजारी बारीक तारीख घालतात. पंधरा वर्षांत हजारो फोटो पाहिलेत मी. तुझ्या फोटोंत निळ्या बॉलपेनच्या रेघा, तारीख नाही. पहिल्या फोटोला कळलं की या घरी मारलेल्या आहेत. तिसऱ्यात तुझा अंगठा रेघेवर आला होता, म्हणून मी तो निवडला. दुसरं कारण नव्हतं.

मी स्वतःला काय सांगितलं माहितेय? रेघ पुसट झाली असेल, पोरीने तिथल्या तिथे गिरवली असेल. तू तर पत्रात सरळ विचारलं होतंस. सहज म्हणून. सहज कोण विचारतं असलं? आणि मी लिहिलं, तू फार विचार करतेस. मला कोड हवा होता वहिनी. मला ती फाईल जिंकायची होती. ढमीचे पाय त्या फोटोत खाली पडलेले होते आणि मी फक्त रेघ झाकली गेली का ते बघत होते. दुसऱ्या कुणाची फाईल असती तर परत पाठवली असती. आपल्या पोरीची होती म्हणून पुढे ढकलली.

तेव्हा मार वगैरे खायचा असेल तर रांगेत माझ्या मागे उभी राहा.

तुझं पत्र परवा मिळालं. मी ते घेऊन सरळ साहेबांच्या खोलीत गेले. माझी सही मागे घेतली, फाईल नात्यातली आहे तेही सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, तुम्ही? एवढंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांच्यासमोरच तुमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते आधी भडकले, आणि मग विचारलं, बाळ किती महिन्यांचं? मी सांगितलं. म्हणाले, अजून थोडी जागा आहे, तीन-साडेतीन आठवडे. ऑपरेशन थांबवतो, ब्रेस स्वतः बसवतो, दर चार दिवसांनी आणा. बसेल असं वचन देत नाही.

मंजुरी रद्द होणार. माझंही काही खरं नाही, चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. ट्रे रिकामा करून दिला. त्याचं तू मनाला लावून घ्यायचं नाही, ते माझ्या कर्माचं आहे.

एक गोष्ट मात्र करायची. दादाला सांग. आजच. मी सांगणार होते, पण मग ते माझ्या तोंडून ऐकलेलं होईल. पट्टे ओढून बांधायला घरात दुसरं माणूस लागणार आहे. ती किंचाळेल आणि तुझा हात ढिला पडेल, हे तुला माहीत आहे आणि मलाही.

आत्या

६ मे

ताईंना नमस्कार,

उशीर झाला. तुमची चार पत्रं आली, चारही वाचली, पण सोनोग्राफी होऊन पुढचं ठरेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. अर्धवट काही लिहायची मला आता भीती वाटते.

यांना त्याच दिवशी सांगितलं. भिंतीकडे तोंड करून सांगितलं, त्यांच्याकडे बघून जमलं नसतं. हे म्हणाले, माझंच पेन होतं का? मी हो म्हटलं. ते बाहेर गेले आणि खालच्या सायकलच्या दुकानाशी जाऊन उभे राहिले. मी वरून बघत होते. तासाभराने वर आले, हात धुतले आणि म्हणाले, कसं बांधायचं ते मला दाखव. आईंना सगळं कळलंय, पडदा काय कामाचा. तेव्हापासून ढमीचे लंगोट त्याच धुतात आणि ब्रेसला बोट लावू देत नाहीत. मलासुद्धा!

डॉक्टरांनी काळ्या मार्करने रेघा मारल्या, तारखा घातल्या. पहिले तीन दिवस ढमीने घर डोक्यावर घेतलं. हे एक पट्टा धरायचे, मी दुसरा. मी रडत होते, ढमी रडत होती, आणि हे आम्हा दोघींना एकदम गप्प म्हणायचे, मग स्वतःच नाक ओढायचे. पण पट्टा रेघेच्या अलीकडे एकदाही आला नाही. चोवीस दिवस. गुडघे अगदी त्या मुलासारखे वर राहायचे. मी रोज मनात म्हणायचे, बसतोय, आत्ता बसतोय.

गेल्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. बसला नाही, ताई.

डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. परत जेल लावून बघितलं. मग मशीन बंद केलं. मी त्यांना विचारलंच. म्हटलं, खरं सांगा, सुरुवातीपासून पट्टा नीट असता तर बसला असता का? ते म्हणाले, काहींचा नीट बांधूनही बसत नाही. तुमच्या मुलीचा बसला असता की नाही, हे मला कधीच सांगता येणार नाही.

हो म्हणाले असते तरी मी सोसलं असतं. नाही म्हणाले असते तर जन्मभर त्यांचे पाय धरले असते. आता मला कळतच नाही, काय धरून रडायचं ते. निम्मा दोष माझा आणि निम्मा तुमचा असा वाटून घेऊन बघितला. वाटला जात नाही. दोघींकडे अख्खाच उरतो.

फाईल तुमच्या ऑफिसातून नव्याने गेली. दुसऱ्या कुणीतरी केली, डॉक्टरांनी स्वतःची टिपणं जोडली, रेघांच्या सहा तारखांसकट. आज सकाळी मंजुरी आली. पत्रात तुमचंच वाक्य आहे, शब्दाला शब्द. वापर योग्य, परिणाम नाही. मी ते चारदा वाचलं आणि मग यांच्या हातात दिलं.

ऑपरेशन येत्या गुरुवारी, सकाळी साडेसातला आत नेणार. आधी बाहेरून बसवून बघतील, नाही जमलं तर कापावं लागेल. किती वेळ लागेल ते सांगत नाहीत. आत फक्त ढमी जाणार. बाहेर एक लांब बाक आहे, त्यावर यांना आणि आईंना दोघांना मी एकटीने सांभाळायचंय.

तुम्हाला आता रजा मागावी लागत नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत या.

तुमची वहिनी